तुम्ही विचारलंत म्हणून : आधी वही, मग वस्तू

‘घरातूनच जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री सुरू करायची आहे, भांडवल किती लागेल?’ पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडून हाच प्रश्न येतो. ५० हजारांत सुरुवात होते. पण त्याआधी १०० रुपयांची एक जाड, पानांवर आकडे छापलेली वही घ्या. गोव्यात जुनी वस्तू मिळणं कठीण नाही. ती कुठल्या घरातली, किती वर्षांची आणि देणाऱ्याला ती विकायचा हक्क होता का, हे कागदावर दाखवता येणं कठीण आहे. आणि किंमत मिळते ती त्या कागदासकट मिळते.

पहिली रेघ शंभर वर्षांची. १९७२च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभरी गाठलेलं शिल्प, चित्र, नाणं, कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते. हस्तलिखितं आणि दस्तऐवजांना ७५ वर्षं पुरतात, मात्र त्यांना शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोल असावं लागतं. अशा वस्तूंचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्याकडून परवाना लागतो, आणि परवाना मिळाल्यावर फोटोंसह नोंदवह्या ठेवाव्या लागतात. ही रेघ दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते, हे बरेच जण विसरतात. घरातून सुरुवात करणाऱ्याने पहिली काही वर्षं रेघेच्या अलीकडेच राहावं, म्हणजे शंभरीच्या आतलाच माल घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

अलीकडे राहून हाताला काही लागणार नाही, असं मुळीच नाही. १९३० ते १९६१ हा काळ गोव्यात फार समृद्ध आहे. पन्नाशीच्या दशकात भारताने पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर इथे युरोपातून माल येत राहिला. म्हणून साध्या घरातही व्हाल्व्हचे रेडिओ, भिंतीवरची घड्याळं, काचसामान आणि बुडाखाली ‘व्ही.ए.’ अशी खूण असलेली पोर्तुगालच्या व्हिस्ता आलेग्रे कारखान्याची चिनीमाती सापडते. त्याबरोबर आपलं अस्सल घरगुती सामान आहेच: पाणी तापवायची तांब्याची भाण, आदोळी (विळी), समया, वेताच्या खुर्च्या.

नाण्यांपासून सुरुवात केलीत तर जागा कमी लागते आणि चूक झाली तरी लहान होते. जुन्या पोर्तुगीज चलनात १ रुपयाला १६ टांगे. १९४७च्या रुपयाचं वजन १२ ग्रॅम, त्यात चांदी निम्मी. १९५२च्या रुपयात चांदी नाहीच, तो तांबं-निकेलचा आहे. तरी तो ‘चांदीचा’ म्हणून पुढे केला जातो. १९५८-५९मध्ये रुपयाच्या जागी एस्कुदो हे पोर्तुगीज चलन आलं, ६ एस्कुदोंचा १ रुपया आणि १०० सेंताव्हांचा १ एस्कुदो धरून. म्हणूनच ३० आणि ६० सेंताव्ह, ३ आणि ६ एस्कुदो अशी विचित्र वाटणारी नाणी निघाली. १९१२चा रुपया मात्र शंभरीपलीकडचा आहे, त्याला हात लावू नका.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा, जाडी-व्यास मोजायचा व्हर्नियर कॅलिपर, दहापट भिंग, लोहचुंबक आणि टॉर्च एवढी हत्यारं पुरतात. चुंबक पितळेला चिकटत नाही. ‘पितळी’ समईला चिकटला तर आत लोखंड आहे. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. झिजून थोडा कमी भरेल, पण १० भरला तर परत द्या. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि रामदरबाराचं चित्र असलेली जाड पितळी नाणी ही नाणीच नव्हेत. ‘ट्रॅक्टरची पाचाची नोट लाखाला जाते, आधी कमिशन भरा’ असे फोन येतील. असं कमिशन रिझर्व्ह बँक घेत नाही, हे तिने २०२१मध्येच जाहीर केलं आहे. आणि नाणं कधीही घासू नका. चिंच लावून चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत त्याच क्षणी निम्म्याखाली येते, कारण मूळ पृष्ठभाग गेला तो परत येत नाही. मऊ पीव्हीसीच्या अल्बममध्ये ठेवलं तर वर्ष-दोन वर्षांत त्यावर हिरवा चिकट थर धरतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलर या प्लास्टिकची पाकिटं घ्या.

आता हक्काची गोष्ट, आणि इथे गोवा इतर राज्यांहून वेगळा आहे. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेची चौकट चालते. वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि वारसांत मुलगे-मुली समान. वाटणी इन्व्हेंटरीतून, म्हणजे मालमत्तेची यादी करून कोर्टामार्फत, व्हायची असेल तर घरातलं सामानही त्यात येतं. त्यामुळे बंद पडलेल्या घरातला पेटारा थोरल्या भावाने विकला, तरी तो एकट्याचा नसतो. एक बहीण लिस्बनला, दुसरी मुंबईला असते, आणि सहा महिन्यांनी विकाऊ वस्तूचा फोटो बघून त्यांच्यातल्या एकीचा फोन येतो. म्हणून घरातलं जुनं सामान घेताना जोडप्याच्या दोघांच्या सह्या घ्या. वाटणी झालेली नसेल तर सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. परदेशी असतील त्यांची ईमेलवर चालेल, पण ती छापून वहीत लावा. विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, तारीख, गाव, वस्तू घरात कशासाठी वापरत होते, माप, वजन, किंमत आणि सही, हे सगळं एकाच पानावर. फोटो पाच: पुढून, मागून, बुडाचा, खुणेचा आणि दोषाचा. चोरीचा माल चोरीचा आहे असं कळून, किंवा तसं मानायला कारण असताना घेणं हा गुन्हा आहे. हे पानच तुमचा बचाव.

काही वस्तू कितीही स्वस्त मिळाल्या तरी घ्यायच्या नाहीत. हस्तिदंत वन्यजीव कायद्यामुळे विकताच येत नाही, वडिलोपार्जित असला तरी. गोव्यात तो क्रुसावरच्या ख्रिस्तात आणि संतांच्या लाकडी मूर्तींच्या चेहऱ्या-हातांत हमखास असतो; भिंगाखाली आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेघांची जाळी दिसली की ओळखा. घुमट या मातीच्या जुन्या वाद्याला घोरपडीचं कातडं असेल तर तोही नको, वाद्य कितीही गोड वाजो. आणि देवळातली किंवा इगर्जीतली (चर्चमधली) पूजेची वस्तू दारात घेऊन कोणी आला, तर कागद बघण्याआधीच नाही म्हणा. त्या वस्तूमागे एक गाव उभं असतं.

लाकडाकडे वळायचं तर सगळ्यात मोठा धोका किडीचा आहे. घरातून धंदा करताना तो दुप्पट, कारण आपल्या कौलारू घरांचे वासे लाकडाचेच. सागवान आणि शिसवीचा गाभा टिकतो. फळ्यांच्या कडेचा पांढरट पट्टा आणि मागे लावलेलं हलकं लाकूड पोखरलं जातं. खुर्ची उलटी करा. एक-दोन मिलिमीटरची भोकं आतून फिकट असतील आणि ठोकल्यावर पिठासारखी पूड पडली, तर कीड जिवंत आहे. आणलेली प्रत्येक लाकडी वस्तू तीन आठवडे घराबाहेर, पडवीत किंवा शेडमध्ये, काळ्या कागदावर ठेवा. पूड पडते का ते रोज दिसतं. लहान वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली तर किडा मरतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार लाकडावर पाणी सुटतं.

वय बघायला जोड आणि स्क्रू बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात आले. १९००ची म्हणून सांगितलेल्या खुर्चीत ते असतील तर खुर्ची नंतरची किंवा नंतर दुरुस्त केलेली. पॉलिश जुनं आहे का ते कळायला न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवा. चपडा लाखेचं पॉलिश विरघळतं, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही आधुनिक पॉलिशं विरघळत नाहीत. लाखेचं काम जून ते सप्टेंबर करू नका. दमट हवेत ते पांढरट पडतं आणि सगळं पुन्हा काढावं लागतं. मालाच्या खोलीत आर्द्रता मोजायचं यंत्र लावा, ते शेसव्वाशे रुपयांपासून मिळतं. ५०-५५ टक्के उत्तम, पण पावसाळ्यात ८५च्या वर जातं. सगळी खोली सुकवण्यापेक्षा कागद आणि नाणी घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवणं परवडतं. नंबराची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा. स्टिकरचा डिंक पॉलिश आणि कागद दोन्ही खातो.

पैशांचं थोडक्यात. ५० हजारांपैकी माल २५चा, त्यातही एका वस्तूवर पाचापेक्षा जास्त नाही. १० दुरुस्ती आणि वाहतुकीला. १५ हात न लावता ठेवायचे, कारण चांगला माल सांगून येत नाही. समजा खुर्ची ३,०००ला घेतली, टेम्पो ८००, वेत विणायला १,५००: ती तुम्हाला ५,३००ला पडली. नवशिके ३,०००च धरून ५,०००ला विकतात आणि नफा झाला असं समजतात. गोव्यातल्या गोव्यात विकलंत तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण करपात्र वस्तू पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाठवली की ती लागते. नोंदणी झाल्यावर, वापरलेल्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेतली नसेल तर फक्त विक्री आणि खरेदीतल्या फरकावर कर भरता येतो. त्यासाठी खरेदीचा पुरावा लागतो, म्हणजे पुन्हा तीच वही. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेऊ नका, ते कायद्याने बंद आहे.

विकताना ‘अँटिक’ हा शब्द वापरू नका, तुमचा माल शंभरीच्या आतला आहे. दशक लिहा, दोष आधी लिहा, दुरुस्ती कुठे झाली तेही लिहा. पर्यटक गिऱ्हाईक असेल तर एक काम जास्तीचं: पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि जुनी दिसणारी नवी वस्तूही दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावर अडवली जाऊ शकते. शंका येण्याजोगी वस्तू असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो. त्याला दिवस लागतात, त्यामुळे उद्या विमान असलेल्या माणसाला समई विकण्याआधी हे सांगा, आणि बिलावर अंदाजे साल, माप, वजन आणि वहीतला पान क्रमांक घाला.