नाव मोठं, फाइल गायब

नवतपातला शुक्रवार होता. सकाळी साडेआठलाच डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन. प्रतापनगरच्या टपरीवर तर्री पोह्यांची प्लेट नुकती हातात आली होती, वरची तर्री अजून पोह्यांत उतरलीही नव्हती, आणि फोन वाजला.

"भाऊ, ते फाईल दिसूनच नाही राहिली."

"कोणती, मुन्शीजी?"

"अंतिमवाली."

मुन्शीजी म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या एका ज्येष्ठ वकिलांचे मुन्शी. पस्तीस वर्षं हेच काम. त्यांच्या कॉम्प्युटरवरची प्रत्येक दुसरी फाइल 'अंतिम' असते, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही. येतो म्हणालो. तेव्हा ते हळूच म्हणाले, "सोमवारी कोर्ट खुलून राहिलं. पहिल्याच आठवड्यात बोर्डावर आहे. साहेब चार वाजता येतात." पोहे तसेच भराभर पोटात ढकलले आणि गाडी काढली.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. या ऑफिसात रोज कागद स्कॅन होतात: प्रतिज्ञापत्रं, सातबारे, नकाशे, निकालांच्या नकला. विंडोजच्या तीन मशीनवर ते साठतात. महिनाअखेरीस मुन्शीजी सेव्हन-झिप या प्रोग्रामने त्या महिन्याच्या फोल्डरची एक झिप, म्हणजे दाबलेला गठ्ठा, करतात आणि सामायिक फोल्डरमध्ये टाकतात. टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप लिनक्सवर चालतो, त्यालाच आम्ही कौतुकाने 'सर्व्हर' म्हणतो. रात्री दोन वाजता त्यावरचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम, माझी स्क्रिप्ट चालवतो. ती झिप सोडवते, प्रकरणवार फोल्डर लावते, सगळ्याचा टार, म्हणजे एकच गठ्ठा, बांधते, तो झेड-स्टँडर्ड या प्रोग्रामने दाबून लहान करते, दाबलेली फाइल धड आहे का ते तपासते आणि मग मूळ झिप पुसून टाकते. टार हे 1979 सालचं, टेपवर साठवण्यासाठी जन्मलेलं अवजार. झेड-स्टँडर्ड 2016 चं. आजोबा आणि नातू एका पाइपने जोडलेले, आणि नऊ महिने हा संसार बिनबोभाट चालला होता.

बिनबोभाट का चालला होता, ते त्या दिवशी कळलं.

आधी टारची यादी काढली. फाइल नाही. नाव थोडं वेगळं पडलं असेल म्हणून तुकड्या-तुकड्याने शोधलं. नाही. दाबलेल्या फाइलची तपासणी पुन्हा केली, तर सगळं ठणठणीत. अर्थात, ठणठणीत असणारच. तपासणी सांगते की डब्याचं झाकण नीट बसलं आहे. डब्यात आठ पोळ्या घातल्या होत्या की पाच, हे ती सांगत नाही, आणि मीही कधी मोजलं नव्हतं.

कागदाचा मार्गही बंद होता. मूळ प्रत कोर्टात दाखल, ऑफिसची प्रत पक्षकाराने नेलेली, पक्षकार लग्नासाठी बाहेरगावी. नकलेचा अर्ज टाकायचा तर त्याला लागणारे दिवस हातात नव्हते. विंडोजवरचं मूळ फोल्डर? "तुम्हीच तं म्हटलं होतं भाऊ, महिना झाला की काढून टाकत जा, सर्व्हरवर सगळं सेफ आहे." म्हटलं होतं. हेच शब्द होते माझे.

मी कूलरसमोर घाम पुसत उभा होतो. मुन्शीजी उठले, लोखंडी कपाट उघडलं आणि एक स्टीलचा डबा काढला. फराळाचा असतो तसला. आत पेनड्राइव्ह. प्रत्येकाला पांढऱ्या दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधलेली: ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर...

"मशीनचा काय भरवसा?" ते म्हणाले. "झिप टाकण्याच्या आधी एक कॉपी याच्यात करून ठेवतो मी."

त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, कारण लगेच जानेवारीचा पेनड्राइव्ह लावला आणि हवी ती झिप उघडलीच नाही. अर्काइव्हचा शेवट सापडत नाही, असा संदेश आला.

झिपची गंमत अशी की तिची अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असते. फिल काट्झने 1989 मध्ये ही रचना आणली तो फ्लॉपीचा जमाना. मागाहून एखादी फाइल घालायची तर आधीचं सगळं नव्याने लिहावं लागू नये, यादी शेवटी सरकवली की झालं, अशी सोय. पण त्यामुळे कॉपी अर्धवट राहिली की सर्वात आधी जाते ती यादीच. मुन्शीजींना विचारलं. ते थोडे ओशाळले. "त्या दिवशी लाइट जाऊन येऊन राहिली होती. दिवा लुकलुकत होता, पण मी काढून घेतला."

जानेवारी बाजूला ठेवून फेब्रुवारीचा लावला. ही झिप धड होती. सहज म्हणून ती हाताने सोडवली, म्हणजे स्क्रिप्टमधून नाही, तर माझ्या डोळ्यांसमोर, पडद्यावर. फाइली सरसर उतरत होत्या आणि मध्येच लाल ओळ आली. मग आणखी एक. मग एकदम सहा. एरर 36, फाइल नेम टू लाँग.

नाव फार लांब आहे.

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिलो. विंडोजवर हीच नावं चालत होती ना? चालत होती. विंडोजची एनटीएफएस फाइल-सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, नावाला 255 चिन्हं देते. लिनक्सची ईएक्सटी-4 सुद्धा 255 च देते, पण ती चिन्हं मोजत नाही, ती साठवायला लागणारे बाइट मोजते. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं, म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा फरक आयुष्यभर कळत नाही. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. 'क्षेत्र' हा शब्द घ्या. डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात. यंत्राला सात चिन्हं दिसतात, म्हणजे एकवीस बाइट. ही यूटीएफ-8 पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी 1992 मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, कागदी टेबलमॅटवर आखली. आखणी उत्तमच आहे, माझी तक्रार नाही. पण तिच्या हिशेबाने 255 चं घर मराठी माणसाला 85 चंच पडतं.

आणि आमच्या मुन्शीजींची नावं! जी फाइल सापडत नव्हती तिचं नाव असं होतं: 'भूसंपादन प्रकरण खसरा क्रमांक 47 वाढीव मोबदला अपील अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र व सोबतची सहा कागदपत्रे दुरुस्त प्रत अंतिम', आणि शेवटी पीडीएफचं शेपूट. मोजलं. 120 चिन्हं, 316 बाइट.

मुन्शीजी साध्या कागदाला साधं नाव देतात: 'पावती', 'वकालतनामा'. कागद जितका मोलाचा, तितकं नाव सविस्तर, पुढे शोधायला सोपं जावं म्हणून. म्हणजे माझ्या स्क्रिप्टने नऊ महिने अगदी निवडून-निवडून मोलाचेच कागद गाळले होते. पावत्या सगळ्या शाबूत.

मग स्क्रिप्ट ओरडली का नाही? ओरडत होती, मीच तिच्या तोंडात बोळा कोंबला होता. सेव्हन-झिप काम संपताना एक आकडा परत देतं. शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे इशारा, दोन म्हणजे गंभीर चूक. ते दर महिन्याला इमानदारीत दोन सांगत होतं. पण क्रॉनची सवय अशी की कामाने एक शब्दही छापला तरी तो मेल पाठवतो. त्या मेलांना कंटाळून मी सगळा मजकूर, चुकांसकट, डेव्ह-नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या बिनबुडाच्या कचराकुंडीत, सोडला होता. वर आणखी एक कारभार. सुरुवातीला मी थेट सामायिक फोल्डरचाच टार करायचो. मुन्शीजी उशिरापर्यंत स्कॅन करत बसले की टार 'वाचता वाचता फाइल बदलली' म्हणून एक आकडा द्यायचा आणि स्क्रिप्ट अडायची. त्यावर उपाय म्हणून मी ओळींच्या शेवटी दोन-दोन उभ्या रेघा आणि 'ट्रू' लावून दिलं. म्हणजे काहीही होवो, खरं माना आणि पुढे चला. टारच्या एका ओळीसाठी लागलेली ही सवय मी सेव्हन-झिपच्या ओळीलाही लावली होती. का, ते आज आठवत नाही. पुढच्या ओळीत मूळ झिप पुसण्याची आज्ञा.

चाचणी केली नव्हती का? केली होती की. 'टेस्ट-1', 'टेस्ट-2', 'टेस्ट-3' अशा नावांच्या फाइली घेऊन. घरी मराठी, ऑफिसात मराठी, पक्षकार मराठी, आणि चाचणीची नावं इंग्रजी.

साडेअकरा वाजले होते. आधी नुकसान मोजलं. पेनड्राइव्हवरच्या धड असलेल्या आठ झिपांची यादी काढली, ऑक या मजकूर चाळणाऱ्या अवजाराला नावं बाइटांत मोजायला लावलं आणि 255 च्या वरची नावं वेगळी केली. इथे एक खोच आहे. भाषेची सेटिंग नेहमीची ठेवली तर ऑक अक्षरं मोजतो आणि सगळं आलबेल दिसतं. ती सेटिंग 'सी' वर आणली की बाइट मोजतो. 117 नावं निघाली. जानेवारीचा हिशेब अजून बाकी.

जानेवारीसाठी झिपचाच दुरुस्तीचा पर्याय वापरला, दोन एफवाला. एक एफ दिला तर तो उरलेल्या यादीवर विसंबून डागडुजी करतो. दोन दिले तर यादी विसरून फाइल पहिल्या बाइटपासून चाळतो. झिपमध्ये प्रत्येक फाइलच्या आधी तिचा छोटा मथळा असतो आणि तो 'पी' आणि 'के' या दोन अक्षरांनी सुरू होतो. काट्झची आद्याक्षरं. माणूस 2000 साली गेला, पण जगातल्या प्रत्येक झिपमध्ये त्याची सही आहे, आणि त्या दुपारी आम्ही ती सही धरूनच चाललो होतो. जुनं मशीन, पेनड्राइव्हचा वेग, बाहेर पारा 45 च्या पुढे. मुन्शीजींनी कूलरचं तोंड माणसांकडून वळवून मशीनकडे केलं. "त्याले जास्त गरज आहे," म्हणाले. मी घाबरून कूलर दोन हात मागे सरकवला, पाण्याचे शिंतोडे थेट आत जात होते.

पाऊण तासाने नवी झिप तयार झाली. लांब नावं 26 असायला हवी होती. ही संख्या मुन्शीजींच्या आवक वहीतून काढली, कारण यंत्राकडे ती उरलीच नव्हती. सापडली 23. तीन तुटलेल्या शेपटीबरोबर गेली.

'खसरा क्रमांक 47' तेवीसमध्ये होतं.

आता ते बाहेर कसं काढायचं? नाव तर तेवढंच लांब. विंडोजवर नेऊन सोडवता आलं असतं, पण मग 140 फाइली पुन्हा त्याच खड्ड्यात गेल्या असत्या. चाळीसेक ओळींचं पायथन लिहिलं. झिपमधली प्रत्येक नोंद उघडायची, फाइलला फक्त सहा आकडी क्रमांक द्यायचा, आणि क्रमांकासमोर मूळ नाव एका तक्त्यात जसंच्या तसं नोंदवायचं. शेवटी झिपमधल्या नोंदी आणि डिस्कवरच्या फाइली मोजायच्या. आकडे जुळले नाहीत तर थांबायचं, आणि काहीही पुसायचं नाही. दोन उभ्या रेघा कुठेच नाहीत.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी पीडीएफ उघडली. मुन्शीजी चष्मा कपाळावर चढवून एकेक पान बघत गेले. सहाही जोडपत्रं होती. चार वाजता वकीलसाहेब आले, प्रिंट घेतली आणि विचारलं, "मिळत नव्हती म्हणे?" मी सगळं सांगायला तोंड उघडलं. मुन्शीजी मध्येच म्हणाले, "नाव जरा लांब होतं साहेब." मला वाचवलं की स्वतःला, देव जाणे. साहेब आत गेल्यावर मी त्यांच्या मागोमाग गेलो आणि तीन फाइली गेल्याचं सांगितलं, चूक कोणाची तेही सांगितलं. ते एवढंच म्हणाले की त्या तिन्हींचे कागद बस्त्यात आहेत, पुन्हा स्कॅन करा, आणि बिलात ते तास लावू नका. लावले नाहीत.

संध्याकाळी उरलेल्या झिपा नव्या पद्धतीने चढवत होतो. क्रॉनला आता मेल पाठवायची मोकळीक दिली, फक्त सेव्हन-झिपची बडबड एका लॉगमध्ये वळवली. मग मुन्शीजींना म्हटलं, यापुढे नावं जरा आटोपशीर ठेवता येतील का?

"काऊन भाऊ? मशीनले मराठी जड जाते का?"

जड जातं असं कसं म्हणू? म्हटलं, नाव हवं तेवढं लांब लिहा, पण फाइलला नको. फाइलला नुसता नंबर द्या, नाव तक्त्यात लिहा.

तक्ता त्यांना पटला नाही. त्यांनी कपाटातून एक नवी कोरी फुलस्केप वही काढली, पट्टीने उभ्या रेघा मारल्या, पहिल्या पानावर क्रमांक 1 टाकला आणि लिहायला लागले. भूसंपादन प्रकरण, मग खसरा क्रमांक, मग अर्जदार. पहिली ओळ संपली तेव्हा नाव अजून प्रतिज्ञापत्रापर्यंतही पोहोचलं नव्हतं. ते खालच्या ओळीवर गेले.