हाफ डोम १:५००० : वायव्य कडा अखेर जुळला

मंडळी, हाफ डोमच्या थ्रीडी छपाईच्या मॉडेलमध्ये कडा बसला! मागच्या नोंदीत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कातल्या या ग्रॅनाइटच्या घुमटाची गोल बाजू झकास उतरली होती आणि कड्याच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आल्या होत्या. तिथून पुढे.

रेघांचं मूळ रास्टरमध्येच, म्हणजे चौकोनांच्या जाळीत मांडलेल्या माहितीतच आहे. यूएसजीएस या अमेरिकी भूवैज्ञानिक संस्थेच्या १ मीटर डीईएममध्ये (उंचीच्या डिजिटल नकाशात) एका चौकोनाला एकच उंची मिळते. सुमारे ६०० मीटरचा, जवळजवळ उभा कडा वरून पाहिला तर मोजक्या चौकोनांत संपतो. माथ्यावरचा पुढे झुकलेला खडक, म्हणजे व्हायजर, तर त्यात मावतच नाही. म्हणून मूळ लायडार पॉइंट क्लाउड, म्हणजे लेसरने मोजलेल्या ठिपक्यांचा संच घेतला. विमानातून टिपलेला, त्यामुळे कड्यावर ठिपके विरळ, पण खरे. मधली जागा फोटोग्रामेट्रीने, म्हणजे अनेक फोटोंवरून आकार काढून भरली. पार्कात ड्रोनला बंदी, तेव्हा समोरच्या नॉर्थ डोमवर जागा बदलत टेली लेन्सने काढलेले फोटो वापरले. संध्याकाळचे सोनेरी फोटो देखणे, पण सावल्या सरकतात, मेश (फोटोंतून बनणारी आकाराची जाळी) फाटतो. सकाळी अख्खा कडा सावलीत असतो. त्या राखाडी फोटोंतून मेश स्वच्छ निघाला.

खरा छळ दोन्ही क्लाउड जुळवताना, क्लाउडकंपेअर या सॉफ्टवेअरमध्ये झाला. आयसीपी (क्लाउड आपोआप जुळवायची पद्धत) लावलं की कडा घसरायचा. आरएमएस (जुळणीतल्या चुकीचा आकडा) दर वेळी उत्तम आणि व्हायजर भलतीकडेच! सपाट पृष्ठभाग स्वतःच्याच पातळीत सरकला तर अंतर बदलत नाही, मग आयसीपीला चूक कळणार कशी? शेवटी व्हायजरचे कोपरे, थँक गॉड लेज या अरुंद कंगोऱ्याची टोकं आणि मोठ्या भेगा हाताने निवडून दोन्ही क्लाउड बांधले, मगच आयसीपीला किंचित हलू दिलं. व्हायजरची कड जागेवर आली तेव्हा मी मॉडेल किती तरी वेळ नुसतं फिरवून बघत होतो.

मॉडेलची उंची प्रमाणाबाहेर ताणायची सूचना आली होती. अजिबात नाही. दरीच्या तळापासून सुमारे १,४६० मीटर उठलेल्या खडकाला कसली भर घालायची?

फिलामेंट, म्हणजे छपाईची प्लास्टिकची तार, मॅट राखाडी पीएलएच. 'मार्बल' म्हणून विकतात ते घेऊ नका, या मापात १ मिमीचा ठिपका म्हणजे ५ मीटर!

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: कडा वेगळा काढून, पाठीवर झोपवून छापला तर? थर कड्याला समांतर पडतील, ग्रॅनाइटचे पापुद्रे तिथे सुटतात अगदी तसेच. जुलै २०१५ मध्ये नेहमीच्या चढाईमार्गावरचा मोठा पापुद्रा कोसळला होता, आठवत असेल. व्हायजरला सपोर्टही (छपाईपुरता टेकू) लागणार नाही, सांधा माथ्याच्या कडेत लपेल. ०.०८ मिमीचा थर घेतला तर एका थरात ४० सेंमी खडक. एकसंध छपाईची फाइल आता बाजूला. सांध्याला चुंबक बरे की पिना? कुणी केलं असेल तर सांगा, आज रात्रीच कापायला घेतोय.