गोल झाल्यावर आधी ओरडू द्या

शिकागोला जानेवारीत कुणी जाऊ नये. तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून तर अजिबातच जाऊ नये. माझा भाऊ शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहतो आणि "तू ये गं, थंडीचं काय ते बघू" असं दरवर्षी म्हणतो. थंडीचं काही बघता येत नाही, थंडीच आपल्याकडे बघते. मिशिगन तलाव पाहिला, काठाला गोठलेला होता. आर्ट इन्स्टिट्यूट पाहिली, पाय दुखले. डीप डिश पिझ्झा खाल्ला, पहिल्या तुकड्यात पोट भरलं आणि दुसऱ्या तुकड्याला पश्चात्ताप झाला. हे सगळं यूट्यूबवर माझ्यापेक्षा चांगलं दाखवणारे लोक आहेत. मला सांगायचंय ते हॉकीच्या मॅचबद्दल. म्हणजे मॅचबद्दलही नाही, मॅच बघताना झालेल्या भांडणाबद्दल.

मी मूळची खडकीची. खडकीत हॉकी हा खेळ नसून वस्तीचा स्वभाव आहे. धनराज पिल्ले तिथलाच, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला. लहानपणी आम्ही मैदानाच्या कडेला उभं राहून मॅच बघायचो तेव्हा आवाज दोनच, पंचांची शिट्टी आणि प्रेक्षकांच्या शिव्या. गोल झाला की जो तो आपापल्या परीने बोंबलायचा. त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, "आत्या, हॉकीला चल, पण गोलचं गाणं आधी शिकून घे," तेव्हा मला वाटलं याचं मराठी कच्चं आहे, काहीतरी वेगळं म्हणायचं असेल. नाही, त्याला तेच म्हणायचं होतं.

तिकडे बर्फावरच्या हॉकीत, एनएचएल नावाच्या त्यांच्या मोठ्या लीगमध्ये, यजमान संघाने गोल केला की आधी भोंगा वाजतो आणि मागोमाग त्या संघाचं ठरलेलं गाणं. प्रत्येक संघाचं वेगळं. बॉस्टनचं वेगळं, न्यूयॉर्क रेंजर्सनी तर आपल्याच स्टेडियममधल्या ऑर्गनवाल्याकडून 'स्लॅपशॉट' नावाचं खास करून घेतलंय. शिकागो ब्लॅकहॉक्सचं गाणं 'चेल्सी डॅगर'. ग्लासगोच्या द फ्रॅटेलीज या बँडचं, 2006 सालचं. त्याचा हॉकीशी संबंध शून्य. चेल्सी डॅगर हे गायकाच्या बायकोचं नाचाच्या कार्यक्रमातलं नाव. इटलीत युव्हेंटस या फुटबॉल क्लबवाल्यांनीही गोलसाठी हेच गाणं वापरलंय. ब्लॅकहॉक्सनी ते 2008 च्या सुमाराला उचललं आणि मग 2010, 2013, 2015 असा तीनदा स्टॅनले कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकला. त्याआधीचा कप होता 1961 चा. म्हणजे एकोणपन्नास वर्षं कोरडी, आणि गाणं आलं की पाऊस. असं असल्यावर लोक गाण्याला नारळ वाहणारच.

लोकलने युनियन स्टेशनला आणि तिथून मॅडिसन स्ट्रीटवरून वीस नंबरच्या बसने युनायटेड सेंटर, म्हणजे ब्लॅकहॉक्सचं स्टेडियम. बसमध्ये सगळे लाल जर्सीतले, त्यात निळ्या जर्सीतलं एक कुटुंब अंग चोरून बसलेलं. समोर सेंट लुइस ब्लूज होते, यांचे जुने वैरी. वहिनीने कोटाच्या खिशात फॉइलमध्ये गुंडाळून थालीपीठ दिलं होतं. आमच्या घरात मॅच असो की लग्न, उपाशी कुणी मरणार नाही याची जबाबदारी वहिनीवर.

आमच्या जागा अगदी वरच्या मजल्यावर. खाली पांढराशुभ्र बर्फ आणि त्यावर मुंग्यांएवढी माणसं. पक, म्हणजे चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती, मला पहिला अर्धा तास दिसलीच नाही, लोकांच्या माना जिकडे वळतील तिकडे मी बघत होते.

पण त्याच्याही आधी राष्ट्रगीत झालं. मी सवयीने उठून ताठ उभी राहिले, हात बाजूला, तोंड बंद. गायकाने पहिली ओळ घेतली आणि वीसेक हजार माणसं ओरडायला लागली. गाण्याबरोबर नव्हे, गाण्यावर. टाळ्या, आरोळ्या, नुसता गदारोळ, आणि तो शेवटपर्यंत वाढतच गेला. मला पहिल्यांदा वाटलं काहीतरी अपघात झाला. आपल्याकडे राष्ट्रगीताला कुणी खोकलं तरी लोक वळून बघतात. भाचा कानाशी ओरडून म्हणाला, ही इथली पद्धत आहे, 1985 च्या एडमंटनविरुद्धच्या प्लेऑफपासूनची, म्हणजे कपासाठीच्या बाद फेऱ्यांपासूनची. पुढे 1991 मध्ये आखाती युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात इथे ऑल-स्टार सामना होता, तेव्हाचा आवाज म्हणे अजून लोक काढून बघतात. मी देशभक्तीने गहिवरणाऱ्यातली नाही, आणि देश तर माझा नव्हताच. पण छातीत काहीतरी हललं. तो आवाज कुणी शिकवलेला नव्हता, पडद्यावर 'ओरडा' अशी पाटी आली नव्हती.

माझं जे काही मत पुढे झालं ते इथेच झालं.

मॅचचे तीन पिरियड असतात, त्यातल्या पहिल्यात ब्लॅकहॉक्सचा गोल झाला. लाल दिवा, भोंगा, आणि सगळं स्टेडियम उभं. राष्ट्रगीतावेळचा तोच आवाज पोटातून वर येतोय असं वाटत होतं आणि तेवढ्यात स्पीकरमधून गाणं कोसळलं. भोंगा पुरता संपलाही नव्हता. त्या गाण्यात शब्द नसलेला एक तुकडा आहे, 'डा-डा-डा' असा, तो सगळे मुठी नाचवत म्हणायला लागले. छान होतं. पण वीस हजारांची आरोळी अर्ध्यावर कापून त्या जागी कोरस बसवल्यासारखं झालं.

माझ्या उजवीकडे एक सत्तरीतले आजोबा बसले होते. जुनी लोकरीची जर्सी, कोपरावर दुसऱ्याच लाल रंगाच्या धाग्याने रफू केलेलं. गाणं सुरू झाल्यावर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि संपल्यावर काढले, शांतपणे, चष्मा काढावा तसे. मी बघतेय हे त्यांनी बघितलं. ब्रेक झाला, बर्फ गुळगुळीत करणाऱ्या झँबोनी गाड्या रिंकवर आल्या आणि आजोबांनी तोंड उघडलं ते पुढच्या पिरियडपर्यंत मिटलं नाही.

त्यांचं म्हणणं, गाणं बिणं काही नको. भोंगा पुरे. हा भोंगा शिकागोचीच देणगी. संघाचे अध्यक्ष बिल वर्ट्झ यांना आपल्या बोटीवरचा भोंगा फार आवडायचा, म्हणून तसाच एक त्यांनी जुन्या शिकागो स्टेडियममध्ये बसवला, 1973 च्या अंतिम फेरीसाठी. बघता बघता ती पद्धत सगळ्या लीगने उचलली. आजोबा तेव्हा अठरा वर्षांचे होते, वडिलांबरोबर गेले होते. ती फेरी माँट्रियालने जिंकली. "हरलो, पण भोंगा काय वाजला!" हे सांगताना त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा. त्या स्टेडियममध्ये एक अजस्र बार्टन ऑर्गन होता, तो वाजला की म्हणे बाकं थरथरायची. फार तर 1968 चं 'हिअर कम द हॉक्स' वाजवा, ते निदान आपलं आहे. स्कॉटलंडच्या पोरांचं गाणं शिकागोत कशाला?

भाचा हे ऐकून शांत बसणं शक्यच नव्हतं. हा मुलगा घरी जेवताना एक शब्द बोलत नाही, फोनमध्ये मान. इथे उभा राहून वाद घालत होता. त्याचा मुद्दा सरळ: हे गाणं म्हणजे त्याचं बालपण. 2013 ला बॉस्टनमध्ये सतरा सेकंदांत दोन गोल मारून कप खेचून आणला, ते तो बाबांच्या मांडीवर बसून बघत होता. 2015 चा कप इथे, याच इमारतीत जिंकला, घरच्या बर्फावर 1938 नंतर पहिल्यांदा. आजोबांच्या बालपणी ऑर्गन होता म्हणून त्याच्या बालपणाला खोटं ठरवायचं? शिवाय व्हँकुव्हरला विचारा, म्हणाला. 2009 आणि 2010, लागोपाठ दोन वर्षं शिकागोने त्यांना प्लेऑफमधून घरी पाठवलं. ज्या गाण्याने समोरच्याच्या पोटात गोळा येतो ते कुणी सोडतं का?

आता पुढच्या रांगेतली एक मुलगी वळली. बेडार्डची 98 नंबरची जर्सी, हातात नाचोज. 2023 मध्ये लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडलेला हा पोरगा, सध्या सगळ्यांची आशा त्याच्यावर. ती म्हणाली, तुमचं बालपण तुम्हाला लखलाभ, मला ते गाणं ऐकवत नाही. आणि कारण सांगितलं ते ऐकून आम्ही तिघेही गप्प झालो. 2010 मध्ये कप जिंकण्याच्या धामधुमीत संघातल्या एका खेळाडूवर व्हिडिओ कोचने लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार वरपर्यंत गेली होती, आणि वरच्यांनी कप हातात येईपर्यंत काहीच केलं नाही. 2021 मध्ये चौकशीचा अहवाल बाहेर आला, लीगने क्लबला वीस लाख डॉलर दंड केला. "ते गाणं वाजलं की तुम्हाला कप दिसतो, मला तो मुलगा दिसतो," ती म्हणाली. गाणी बदलता येतात, हेही तिने सुनावलं. एके काळी निम्म्या लीगमध्ये गॅरी ग्लिटरचं 'रॉक अँड रोल पार्ट टू' वाजायचं. तो माणूस मुलांवरच्या अत्याचारांसाठी तुरुंगात गेल्यावर एकेका संघाने ते काढून टाकलं. कुणाची हॉकी बंद पडली नाही.

भाचा पुटपुटला, ते गाणाऱ्याचं पाप होतं, इथे गाण्याने काय केलंय. मुद्दा बरोबर होता, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

वाद तिथेच विझायचा, पण मागून सेंट लुइसच्या निळ्या जर्सीतला माणूस खाकरला. बसमधला तोच. तो म्हणाला, तुम्ही लोक उगाच भांडताय, गाणं ठरवून सापडत नसतं. त्यांच्या 'ग्लोरिया'ची गोष्ट त्याने सांगितली आणि शिकागोच्या मधोमध बसून सांगितली याला धैर्य लागतं. जानेवारी 2019. ब्लूज संघ लीगमध्ये तळाला. काही खेळाडू फिलाडेल्फियाच्या एका बारमध्ये अमेरिकन फुटबॉलची मॅच बघत होते, ईगल्स विरुद्ध शिकागो बेअर्स. (इथे आजोबांनी डोळे मिटले.) मधल्या वेळात बारमधलं कुणीतरी सारखं ओरडायचं, 'ग्लोरिया' लावा! लॉरा ब्रॅनिगनचं 1982 चं गाणं. लागलं की अख्खा बार नाचायचा. बेअर्सची शेवटची किक खांबाला लागली, मग आडव्या दांडीला लागली आणि बाहेर पडली, बेअर्स एका गुणाने हरले. ब्लूजच्या पोरांनी ते गाणं उचललं, जिंकल्यावर वाजवायला लागले, आणि जूनमध्ये बावन्न वर्षांच्या इतिहासातला पहिला कप. "म्हणजे तुमच्या पराभवातून आमचं गाणं निघालं," असं म्हणून तो हसला. शिकागोकरांनी त्याला मारलं नाही, यावरून मला या शहराबद्दल आदर वाटला.

आणि मग सगळे माझ्याकडे वळले. भाच्यानेच काडी लावली, आत्या बाहेरून आलीय, तिला कुणाची बाजू नाही, तिला विचारा. आजोबा म्हणाले, बरोबर. मुलगी म्हणाली, चालेल. एवढ्यात आजोबा उठून खाली गेले आणि येताना माझ्यासाठी हॉट चॉकलेटचा कप घेऊन आले, तुम्ही कुडकुडताय म्हणाले. मी फॉइल उघडून थालीपीठाचा तुकडा पुढे केला. त्यांनी आधी वास घेतला, मग खाल्ला, मग अजून आहे का म्हणून विचारलं. अमेरिकेत लोक अनोळखी माणसाशी हवापाण्यावर बोलून थांबतात असा माझा ग्रह होता. स्टेडियममध्ये शेजारी बसलं की तो नियम लागू नसावा.

माझी इंग्रजी वादाला पुरत नाही, म्हणून मी थोडक्यात सांगितलं. वानखेडेवर 'सच्चिन... सच्चिन' हा घोष कुणी स्पीकरवर लावला नव्हता. गाणं कुठलंही लावा किंवा लावू नका, ते तुमचं तुम्ही बघा, आणि ही मुलगी म्हणतेय त्यावर क्लबने विचार करावा. पण माझी तक्रार वेगळीच आहे. राष्ट्रगीताला तुम्ही जो आवाज काढता तो माझ्या आयुष्यात मी कुठे ऐकला नाही. गोल झाल्यावर तोच आवाज येत होता आणि तुमच्या गाण्याने त्याचा गळा दाबला. भोंगा वाजू दे, लोकांना मनसोक्त ओरडू दे, दम लागला की मग काय ते वाजवा. घाई कसली आहे? पक मधोमध आणून ठेवेपर्यंत तसाही वेळ असतोच.

आजोबांनी टाळी दिली. मुलगी म्हणाली, हे म्हणजे उत्तर टाळणं झालं. मला ते काही अंशी पटलं. भाच्याने हात जोडले, "आत्या, प्लीज."

दुसऱ्या पिरियडमध्ये पुन्हा एक गोल झाला. आजोबांचे हात सवयीने कानांकडे गेले, पण या वेळी भोंगा चालू असतानाच ते उभे राहून असे काही बोंबलले की पुढची मुलगी दचकून वळली आणि तिचे नाचोज सांडले. तीही ओरडली, नाचोजसाठी की गोलसाठी ते कळलं नाही. मग गाणं सुरू झालं आणि भाचा मुठी नाचवत 'डा-डा-डा' करायला लागला, माझ्याकडे बघत, मुद्दाम, मोठ्याने. शेवटी ब्लॅकहॉक्स हरले. गाणं वाजायचे तेवढेच दोन प्रसंग.

परतीच्या लोकलमध्ये डबा रिकामा आणि हीटर बंद. भाचा बराच वेळ फुगून बसला होता. ऑरोराकडे जाणारी ती गाडी प्रत्येक स्टेशनला थांबत होती आणि दर वेळी दार उघडलं की थंडी आत येऊन बसत होती. घरी पोचलो तेव्हा भाऊ-वहिनी जागेच होते. कशी झाली मॅच, विचारलं. भाचा बूट काढता काढता म्हणाला, "मॅचचं सोडा. आत्याने एका हॉट चॉकलेटवर निकाल फिरवला."

वहिनीला फक्त थालीपीठ उरलं का, एवढंच हवं होतं.