परत आलेले अकरा खोके

धंदा कसा सुरू झाला असं कुणी विचारलं की माझी जाऊ उद्घाटनाचा दिवस सांगते. मी परत आलेल्या अकरा खोक्यांपासून सुरू करते. २०१७ चा मे महिना होता. परभणी जिल्ह्यातलं आमचं सेलू तेव्हा तव्यासारखं तापलेलं, आणि पुण्याच्या एका दुकानदाराने आमची जवसाची चटणी जशीच्या तशी परत धाडली. पुडी फोडली तर दार नुकतं रंगवल्यावर येतो तसला वास आला.

तो वास रंगाचाच का, हे पुढे कळलं. तेलरंगात जवसाचं तेल घालतात, कारण ते हवेत सुकतं. सुकतं म्हणजे काय, तर हवेतला प्राणवायू ओढून घेतं. आमच्या पुडीत तेच चाललं होतं. जवसाच्या तेलात साधारण निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-३ चा. ज्यासाठी लोक जवस खातात, तेच सगळ्यांत आधी खवटतं.

सासूबाईंनी एक चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. म्हणाल्या, "जवस कुटला की आठ दिवसांत संपवायचा असतो, पोरी. दुकानात दोन महिने ठेवायला तो काय पापड आहे?" खरं होतं. पण बँकेचा हप्ता आठ दिवसांत संपणारा नव्हता.

एक गोष्ट मात्र माझ्या आणि जावेच्या डोक्यात घोळत होती. त्याच दुकानात ठेवलेली तिळाची चटणी कधीच परत आली नाही. तेल तर तिळातही भरपूर. मग तीळ का टिकतो? हा एक प्रश्न घेऊन आम्ही परभणीला कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात गेलो. तिथल्या सरांनी सांगितलं की तिळात सेसमोलिन नावाचा पदार्थ असतो. भाजताना त्याचा सेसमोल होतो आणि तो तेलाला खवटू देत नाही. तेलाऐवजी तो स्वतः झिजतो. अँटीऑक्सिडंट म्हणजे एवढंच. माझ्या भाषेत सांगायचं तर लग्नात सगळ्यांचं बोलणं खाणारा मधला भाऊ.

सरांच्या एका विद्यार्थिनीने आम्हाला नळीतला प्रयोग दाखवला. डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण, त्यात अर्काचे थेंब टाकायचे. अँटीऑक्सिडंट जितकं जोरदार तितका जांभळा रंग लवकर जाऊन पिवळा होतो, आणि यंत्र ते ५१७ नॅनोमीटरवर मोजतं. आवळ्याचा अर्क टाकला आणि बघता बघता नळी पिवळी झाली. शेवग्याच्या पानांनी वेळ घेतला, पण तीही नळी पालटली. मी खूश होऊन म्हटलं, सर, हे पुडीवर छापू का? ते हसले. "ताई, ही नळी आहे, माणूस नाही. पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, हे या रंगावरून सांगता येत नाही. तुमच्या चटणीत काय होतं, ते मात्र मोजता येईल."

तेव्हापासून आम्ही तेच मोजत आलो. जवसाच्या चटणीत एकेक अँटीऑक्सिडंट पदार्थ घालून नमुने ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचे, ठरावीक दिवसांनी त्यातलं तेल काढायचं आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल किती खवटायला लागलंय त्याचं माप, बघायची. आयोडीन, सोडियम थायोसल्फेट, स्टार्चची निळाई जाईपर्यंत थेंब थेंब. जावेचा हात यात माझ्यापेक्षा बरा. ती बारावी सायन्स, मी बी.ए.

हळदीवर माझा फार जीव होता, शेजारी वसमतची एवढी मोठी पेठ. पण हळदीने चटणीचा रंगच बदलला, गिऱ्हाईक म्हणालं ही जवसाची वाटत नाही. कढीपत्ता मंद आचेवर तेलात कुरकुरीत करून घातला, तो चांगला चालला. शेवग्याच्या पानांचा अर्कही चालला, पण हिरवट वास मागे राहिला. शेवटी आवळा. सुका आवळा पाण्यात उकळायचा, काढा गाळून दाट करायचा, भाजण्याआधी तो जवसावर शिंपडून सगळं चोळून घ्यायचं. तव्यावर पाणी उडून जातं, अर्क दाण्याला चिकटतो. तापल्यावर क जीवनसत्त्व जातं हे खरं, पण आवळ्यातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, बरीचशी टिकतात आणि आमचं काम त्यांच्याशी होतं. आंबटपणा किंचित लागतो. तो आम्ही आमचूर कमी करून सांभाळला.

एवढं करूनही काही घाण्यांतला माल लवकर खवटायचा. महिनाभर कोडं सुटेना. मग सरांनी विचारलं, दळता कशात? जुन्या लोखंडी पल्व्हरायझरमध्ये. लोखंडाचा अंश तेलात गेला की खवटपणा झपाट्याने वाढतो. आम्ही एका हाताने आवळा घालत होतो आणि दुसऱ्या हाताने लोखंड. स्टीलचं यंत्र घ्यायला पैसे नव्हते. पुढे २०२० मध्ये केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली, ३५ टक्के अनुदानाची, तेव्हा ते जमलं. कागदपत्रांचे हेलपाटे सांगत बसत नाही. पारदर्शक पुडी सोडून आतून चांदीसारखी चकाकणारी घेतली, म्हणजे उजेडही बंद.

आता आमची जवसाची चटणी उन्हाळ्यातही चार महिने टिकते. पुडीवर आम्ही तीनच छापतो. पाच छापा असा वितरकाचा आग्रह असतो.

मोठा वाद झाला तो दोन वर्षांपूर्वी. एका मोठ्या व्यापाऱ्याला पुडीवर ठळक अक्षरात 'अँटीऑक्सिडंटयुक्त, कॅन्सरपासून बचाव' असं हवं होतं. ऑर्डर आमच्या सहा महिन्यांच्या विक्रीएवढी. रोग बरा होण्याचे किंवा टाळण्याचे असले दावे खाण्याच्या मालावर छापायला कायद्याने बंदी आहे, पण खरं सांगते, त्या रात्री आम्ही दोघी कायद्याचं बोलत नव्हतो. जावेचं म्हणणं, सगळेच छापतात. माझं म्हणणं, आवळा आपण चटणी वाचवायला घातला, माणूस वाचवायला नाही. दोन दिवस अबोला होता. ऑर्डर गेली. ती अजून अधूनमधून ऐकवते, आणि हप्त्याच्या तारखेला मलाही तिचं पटतं.

सध्या लाल अंबाडीच्या बोंडांचा अर्क करून बघतोय. रंग असा सुंदर उतरतो की नळीकडे बघत बसावं. पण तव्यावर गेला की तो तपकिरी पडतो, आणि आवळ्याच्या निम्म्या मापातही चटणी इतकी आंबट होते की सासूबाईंनी पहिल्याच घासाला ताटली सरकवून दिली. जावेने वहीत त्या नमुन्यापुढे शेरा लिहिलाय : "आईंना नापास. भाजून झाल्यावर घालून बघणे."