आमच्या तळ्याची पाणथळ म्हणून नोंद करताना

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आमच्या गावात, सड्याच्या म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराच्या पायथ्याशी, सुमारे दीड एकराचे एक गोड्या पाण्याचे तळे आहे. त्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा ग्रामपंचायतीसमोर आला तेव्हा त्यात चारही बाजूंनी काँक्रीटची भिंत, भिंतीलगत फिरण्याची वाट, दिवे, बाकडी आणि पोकलेन लावून तळापर्यंत गाळ उपसण्याचे काम एवढ्या गोष्टी होत्या. तळे स्वच्छ दिसावे, लहान मुले काठावरून घसरून पडू नयेत, हा त्यामागचा विचार प्रामाणिक होता. मी त्या वेळी गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची सदस्य होते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत अशी समिती असावी लागते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. आमच्या नोंदवहीत या तळ्याविषयी जेमतेम एक ओळ होती. भिंतीविषयी मत देण्याआधी या पाण्यात, चिखलात आणि काठावर काय आहे ते वर्षभर पाहून कागदावर आणावे, असे समितीने ठरवले, आणि ग्रामसभेने तेवढा वेळ दिला. ती मुदत मिळाली नसती तर पुढचे काहीच झाले नसते.

तळ्याची पाणथळ म्हणून नोंद करून घ्यायची, तर कागदाच्या बाजूने पाहता आमच्यासमोर पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ होते. या नियमांखाली अधिसूचित झालेल्या पाणथळ जागेत भराव घालता येत नाही, कचरा टाकता येत नाही, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडता येत नाही आणि नियम लागू होण्यापूर्वीच्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत, बोटीचा धक्का सोडल्यास, कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. मात्र नदीचे पात्र, भातखाचरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे या व्याख्येतून वगळलेले आहेत. शिवाय इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागा सीमारेषेसह दाखवल्या आहेत आणि त्याहून लहान जागांना केवळ ठिपका मिळाला आहे. आमच्या तळ्यासारखी साडेपाच लाखांहून अधिक लहान पाणथळे त्या ठिपक्यांत मोजली गेली आहेत. ज्याची सीमाच आखलेली नाही अशा जागेचा प्रस्ताव करायचा, तर सीमा आखण्यापासून सारे आपणच करावे लागते.

पहिला प्रश्न सरकारी कार्यालयातच विचारला गेला. तळ्याच्या पूर्वेला देवळाकडून उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या जुन्या पायऱ्या आहेत आणि दक्षिणेच्या कुणग्यांतली (लहान शेतांतली) वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरची, भातशेती याच पाण्यावर होते. पायऱ्या आहेत म्हणजे तळे बांधीव, आणि शेतीला पाणी जाते म्हणजे सिंचनाचे, असे आम्हाला सांगण्यात आले. हा आक्षेप दूर करायला बराच काळ गेला. नियमातला शब्द ‘मुद्दाम बांधलेले’ असा आहे, वापर हा निकष नाही, हे आम्ही लेखी मांडले. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावनकाशाची प्रत घेतली, त्यात तळ्याची आकृती होती पण बंधाऱ्याची रेघ कुठेही नव्हती. जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राचे एक प्राध्यापक येऊन जागा पाहून गेले. सड्यावरचा जांभा सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली उतरते आणि जांभ्याखालच्या चिकण थरावर अडून उताराच्या दिशेने सरकते. जिथे वरचा कातळ खचून खळगा झाला आहे आणि तो चिकण थर उघडा पडला आहे, तिथे ते पाणी साचून राहते. आमचे तळे असेच झालेले आहे, असे त्यांनी टिपणात लिहून दिले. वाडीतल्या एका आजोबांनी हे एका वाक्यात आधीच सांगितले होते: “ह्यां पाणी सड्यावरसून येता, आमी नुसत्यो पायरे बांदल्यांव.” त्यांचे म्हणणेही आम्ही त्यांच्या सहीसह प्रस्तावाला जोडले.

प्राध्यापकांच्या त्याच टिपणामुळे पोकलेनविषयीचे माझे मत पक्के झाले. पाणी ज्या चिकण थरावर टिकून आहे, तो थर यंत्राच्या दाताने फुटला तर तळे खोल होईल आणि डिसेंबरातच कोरडे पडेल. गाळ काढणे ही गोष्ट मुळात चुकीची नाही. किती, कुठला आणि कशाने काढायचा, हे तळ पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

जीवसृष्टीच्या नोंदी आम्ही जूनमध्ये सुरू केल्या. आमच्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, त्यामुळे तळ्याचे जूनमधले रूप आणि मेमधले रूप यांत ओळख पटू नये इतका फरक असतो. पहिल्या जोरदार पावसात सांडव्यावरून पाणी व्हाळाला (ओढ्याला) मिळते आणि त्या वाटेने मासे उलटे वर चढतात. चढणीच्या माशांची ही वेळ गावात सर्वांना माहीत असते, ते पकडण्यासाठी. मासे येऊन नेमके काय करतात, ते मासेमारी करणाऱ्या एका मावशींनी मला दाखवले. “खोल पाण्यात तेंका काय काम? ह्या गवतात गाबोळी टाकतत,” असे म्हणून त्यांनी पश्चिमेचा उथळ काठ दाखवला. तिथे वीतभर पाण्यात बुडालेले गवत आणि लव्हाळे होते. त्यानंतरच्या दिवसांत त्याच पट्ट्यात माशांची इवलीशी पिल्ले, बेडकांच्या अंड्यांचे लगदे आणि पहिल्या पावसात पिवळेधमक होणारे बैलबेडूक आम्ही पाहिले. आराखड्यातली भिंत बरोबर याच पट्ट्यावरून जाणार होती.

तळ्याचा हा उतरता काठ म्हणजेच तळ्याचे बहुतांश जीवन आहे, हे मला त्या वर्षात उमगले आणि प्रस्तावाचा गाभाही तोच ठरला. मधल्या खोल पाण्यात प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही, तिथे मुळे धरणारी वनस्पती वाढत नाही. काठाच्या उथळ पाण्यात मात्र आधी लव्हाळा आणि पाणकणीस, त्यापुढे पाने तरंगत ठेवणारी कुमुदिनी आणि त्याहून पुढे पूर्ण बुडालेले हायड्रिला असे पट्टे एकामागून एक लागतात. सड्यावरून वाहून येणारी माती या देठांत अडते आणि तळाशी बसते. त्या देठांवर शेवाळाचा पातळ थर चढतो, तो गोगलगायी खातात, त्यांच्यामागे पाणढेकूण आणि चतुरांच्या अळ्या येतात. तरंगणारी पिवळ्या फुलांची एक युट्रिक्युलेरिया आम्हाला सप्टेंबरात सापडली. तिला मुळे नसतात. पानांवरच्या बारीक पिशव्या क्षणार्धात उघडून ती पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढते. सड्यावरची सीतेची आसवे याच कुळातली, म्हणून मुलांना ही ओळख फार आवडली. सरळ उभ्या भिंतीला उथळ पाणी नसते, त्यामुळे यातला एकही पट्टा तिथे उरत नाही.

पक्ष्यांची यादी करणे तुलनेने सोपे गेले. टिबुकली, वंचक, पाणकोंबडी, खंड्या, हिवाळ्यात तुतवार हे नेहमीचे होतेच. कमळपक्ष्याची नोंद मात्र प्रस्तावासाठी महत्त्वाची ठरली, कारण तो पावसाळ्यात तरंगत्या पानांवरच घरटे करतो आणि अंडी उबवण्याचे काम नर करतो. पाने काढून टाकली की त्याची वीण थांबते, इतका हा संबंध थेट आहे.

पाण्याच्या तपासणीसाठी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने साहित्य दिले. पाण्यात विरघळलेला प्राणवायू विंकलर पद्धतीने मोजतात. काठावरच बाटलीत दोन द्रावणे घातली की प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो आणि नसेल तर तो पांढरा राहतो. दुपारी घेतलेल्या नमुन्यात साका गडद असे आणि सूर्योदयापूर्वी घेतलेल्या नमुन्यात फिकट. दिवसभर वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू सोडतात, रात्री ती सृष्टी आणि तळाचा कुजणारा गाळ मिळून तो वापरतात, म्हणून पहाट हा तळ्यातला सर्वांत कठीण काळ असतो. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. पंचवीस अंशांना तो लिटरला आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर असतो, तर तीस अंशांना साडेसातच्या आसपास. मे महिन्यात तळाजवळच्या पहाटेच्या नमुन्यात साका जवळजवळ पांढरा निघाला. अशा पाण्यात मरळ आणि मागूर टिकतात, कारण ते पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतात. इतर मासे वरच्या थरात येऊन तोंडे उघडत राहतात. त्या दिवसांत पायऱ्यांवर कपडे धुण्याच्या साबणाचे पाणी आणि कुजके निर्माल्य तळ्यात गेले तर त्यांचा प्राणवायू आणखी घटतो, हे महिला मंडळाच्या बैठकीत मी ती बाटली समोर ठेवूनच सांगितले. त्यानंतर कपडे धुण्याचा दगड सांडव्याच्या खाली हलवण्याचा निर्णय त्या बैठकीतच झाला.

उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या गाळालाही आम्ही तपासले. काठावरचा भेगाळलेला कोरडा चिखल काचेच्या भांड्यात गाळलेल्या पाण्यात ठेवला, तर काही दिवसांतच त्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे जलपिसू उड्या मारू लागले आणि पुढे हिरवे कोंबही आले. या जीवांची अंडी आणि वनस्पतींची बीजे कोरड्या गाळात तग धरून राहतात, आणि पुढच्या पावसाचे सारे तळे त्यांच्यातूनच उभे राहते. तळापर्यंत गाळ उपसून डंपरने नेणे म्हणजे हा साठा एका आठवड्यात संपवणे. शाळेतल्या मुलांनी ते भांडे ग्रामसभेत आणून ठेवले. माझ्या दीर्घ निवेदनापेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला, असे मला आजही वाटते.

ग्रामसभेत सर्वांत जोरदार आक्षेप डासांचा होता आणि तो रास्त होता, कारण तापाची साथ गावाने पाहिलेली आहे. आम्ही आरोग्य सेविका ताईंना सोबत घेऊन तळ्याचा काठ आणि वाडीतली आवारे दोन्ही पाहिली. मासे, पाणढेकूण आणि चतुरांच्या अळ्या असलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या फार थोड्या आढळल्या, तर करवंट्या, जुने टायर आणि सुपारीच्या पोयी यांत साचलेल्या पाण्यात त्या बुजबुजलेल्या होत्या. भक्षक जिथे पोहोचू शकत नाहीत अशा लहानशा पाण्यात डास वाढतात. त्या दिवसापासून आवारे साफ करण्याची जबाबदारी वाडीवार वाटून दिली गेली.

नियमांनुसार पाणथळ प्रस्तावात सीमेचा नकाशा, प्रभावक्षेत्र, परिसंस्थेचे वर्णन, लोकांचे आधीपासूनचे हक्क आणि कोणत्या कामांना मुभा, कोणत्यांना मनाई हे सारे द्यावे लागते. पूररेषा ठरवण्यासाठी आम्ही वयस्कर मंडळींसोबत काठाने फिरून खुंट्या ठोकल्या आणि त्या जागांचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर घेतले. सड्याचा जो भाग तळ्याला पाणी देतो तो प्रभावक्षेत्रात, म्हणजे जिथल्या कामांचा तळ्यावर परिणाम होतो त्या परिसरात, घातला, कारण तिथे चिऱ्याची खाण निघाली तर तळ्याच्या काठाला हातही न लावता तळे आटेल. हक्कांचे प्रकरण लिहिताना मी सर्वाधिक काळजी घेतली. वायंगणीचे पाणी, चढणीची मासेमारी, गुरांना पाणी, गणपती विसर्जन, देवळाचे विधी यांतला एकही हक्क गाळला असता तर लोकांनी या नोंदीला आपल्याविरुद्धचा कागद मानले असते. विसर्जनासाठी शाडूच्या मूर्ती, निर्माल्यासाठी वेगळा खड्डा आणि चढणीच्या पहिल्या दिवसांत पश्चिमेच्या काठावर जाळी न लावणे, या तीन गोष्टी मानकऱ्यांशी बोलून ग्रामसभेच्या ठरावात आल्या.

भिंतीचा आराखडा ठरावाने बदलला. दिवे आणि बाकडी देवळाच्या आवारात गेली. पायऱ्यांची डागडुजी जांभ्या दगडातच होणार आहे आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी खोल बाजूला तेवढे बांबूचे कुंपण घातले आहे. गाळ उन्हाळ्यात माणसांच्या हाताने, मधल्या भागातला आणि वरचाच, दरवर्षी एक तृतीयांश क्षेत्रातून काढायचा आणि शेतांना द्यायचा असे ठरले. पहिल्या तृतीयांशाचे काम झाले आहे. पाणथळाचा प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकारी कार्यालयात दिला असून प्रत्यक्ष जागेवरची पडताळणी अजून व्हायची आहे. ती पावसाळ्यानंतर, काठ भरलेला असताना व्हावी, अशी लेखी विनंती आम्ही केली आहे. तोवर पाण्याची पातळी खुंटीवर मोजणे आणि तळ्याखालच्या विहिरींची पातळी त्याच दिवशी लिहिणे चालू आहे, कारण प्रभावक्षेत्राच्या नकाशाला आधार म्हणून याच नोंदी दाखवाव्या लागणार आहेत.