डुलुथ ते नॉक्सव्हिल, सिरस व्हिजन जेटने: आधी वजनाचा हिशेब

मिनेसोटातले डुलुथ ते टेनेसीतले नॉक्सव्हिल, सुमारे 760 नॉटिकल मैल. एका टोकाला सिरस या विमान कंपनीचा कारखाना, दुसऱ्या टोकाला तिचे प्रशिक्षण केंद्र. विमान व्हिजन जेटची एसएफ50 जी2 ही आवृत्ती: एकच विल्यम्स जेट इंजिन, कमाल उंची 31,000 फूट, वेग 300 नॉटच्या (ताशी नॉटिकल मैल) आसपास.

पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांतून आलेल्या वैमानिकांना टाकी काठोकाठ भरायची सवय असते. इथे ती नडते. उड्डाणाचे कमाल वजन 6,000 पौंड. रिकामे विमानच साधारण 3,650 पौंडांचे. पूर्ण 296 गॅलन, म्हणजे जवळपास 2,000 पौंड इंधन घेतले की उरतात साडेतीनशे: वैमानिक आणि आणखी एक जण. चौघे आणि बॅगा मिळून 740 पौंड धरले, तर इंधन 240 गॅलनवर थांबवावे लागते. वारा शांत असताना या प्रवासात 185 गॅलनच्या आसपास जळते. उरलेल्या 55 मध्ये आयएफआरची (उपकरणांच्या आधारे उडण्याच्या नियमांची) 45 मिनिटांची राखीव कशीबशी बसते, लांबचा पर्यायी विमानतळ बसत नाही. नॉक्सव्हिलला ढग खाली असतील, म्हणजे पर्यायी विमानतळाची गरज पडू शकत असेल, तर एक माणूस कमी नेऊन इंधन वाढवा किंवा वाटेत उतरून इंधन घ्या. पूर्ण वजनाने उडून लगेच परतायची वेळ आली, तर उतरतानाच्या वजनाची मर्यादा 5,550 पौंड आहे हेही ध्यानात असू द्या.

सरळ रेषा शिकागोच्या ओहेअरच्या थोड्या पश्चिमेने जाते. तिथल्या गर्दीमुळे हवाई नियंत्रकांकडून मार्ग वळवला जाऊ शकतो, म्हणून रॉकफर्डच्या पश्चिमेनेच आखलेला बरा. परतीला हिवाळ्यात 75 नॉटचा समोरचा वारा लागला की जमिनीवरचा वेग 225 वर येतो आणि प्रवास साडेतीन तासांवर जातो. चौघांना घेऊन ते एका दमात होत नाही; थांबा आधीच ठरवा.

उन्हाळ्यात 31,000 फुटांवर वादळांच्या वर गेलो असे समजू नका. मिडवेस्टमधले माथे 45,000 च्याही वर जातात. वळसा घ्यायचा, आणि त्याचे इंधन हिशेबात धरायचे.

खाली यायला 90 मैल आधी सुरुवात करा. स्पॉयलर (पंखांवरच्या वेग कमी करणाऱ्या झडपा) नाहीत, थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा झोत उलटवून थांबवणारी यंत्रणा) नाही, आणि आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी शक्तीवरही, इंजिन थोडे ढकलतच राहते. धावपट्टीच्या उंबरठ्यावर वेग दहा नॉट जास्त असेल, तर विमान तरंगत धावपट्टी खात जाते. मग ओढूनताणून टेकवण्यापेक्षा गो-अराउंड, म्हणजे पुन्हा वर जाऊन नव्याने उतरणे.

वैमानिकाला टाइप रेटिंग (याच प्रकारच्या विमानाचा परवाना) लागतेच, शिवाय दर 12 महिन्यांनी त्याची तपासणी. दोन इंजिनांचे रेटिंग मात्र लागत नाही.