आमची वाटचाल: मेथॅनॉलवर पोसलेलं यीस्ट

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये कोंबडीखाद्यासाठी फायटेज एन्झाइम तयार होतं. मक्यात आणि सोयापेंडीत फॉस्फरस असतो, पण फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला. कोंबडीला तो पचत नाही. फायटेज तो मोकळा करतं, खाद्यात वरून घालायचा डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी लागतो. पोल्ट्रीवाल्याला एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न थेट दराचा.

एन्झाइम बनवतं पिकिया नावाचं यीस्ट. १९७० च्या दशकात फिलिप्स पेट्रोलियम ही अमेरिकन तेलकंपनी ते मेथॅनॉल या औद्योगिक अल्कोहोलवर वाढवून पशुखाद्यासाठी प्रथिनं करायला निघाली होती. खनिज तेलाचे भाव भडकले, सोया स्वस्त पडलं, बेत बारगळला. पण मेथॅनॉल मिळताच चालू होणारा त्याचा जनुकीय स्विच भलताच जोरकस निघाला. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये आणलेली हिपॅटायटिस-बीची लस याच यीस्टमधली. आम्ही त्या स्विचपुढे फायटेजचं जनुक बसवलं, एकापेक्षा जास्त प्रतींत.

कर्जासाठी गेलो तेव्हा बँकेत विचारलं, उसाच्या मुलखात मळी सोडून मेथॅनॉल कशाला? पिकियाला उसाची साखर मुळात खाताच येत नाही, हे पटवायला वेळ लागला. त्यात मेथॅनॉल म्हणजे विषारी दारूतलं विष, त्यामुळे परवाना आणि लिटरालिटराचा हिशेब आलाच.

खरी कसोटी फर्मेंटरवर, म्हणजे यीस्ट वाढवायच्या टाकीवर. आधी ग्लिसरॉलवर (म्हणजे ग्लिसरीनवर) यीस्ट वाढवायचं, मग मेथॅनॉल थेंबाथेंबाने. जास्त झालं तर तेच यीस्टला मारतं. ऑपरेटर मेथॅनॉलच्या फीडचा पंप बंद करून डीओ मीटरकडे बघतो. विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा लगेच उसळला तर यीस्ट भुकेलं आहे, फीड थोडा वाढवता येईल. जागचा हलला नाही तर मेथॅनॉल साचतंय, पंप बंदच ठेवायचा. मेथॅनॉल खाताना यीस्ट ऑक्सिजन बेसुमार ओढतं आणि तापतंही तसंच. मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणी कोमट, आणि टाकी ३० अंशांच्या आसपास हवी. म्हणून दुसऱ्या फर्मेंटरआधी आम्ही मोठा चिलर घेतला. वीजबिल तेव्हापासून डोक्यावर बसलंय.

पिशवीवर 'हरित' छापा, असं वितरक सुचवतात. मी नाही म्हणतो. आपल्याकडचं बहुतेक मेथॅनॉल आयातीचं, नैसर्गिक वायूपासूनचं. आइसलँडमध्ये २०१२ पासून कार्बन डायऑक्साइडपासून ते बनवून दाखवलंय; तसं परवडणाऱ्या दरात मिळालं तर छापू.

सध्या मेथॅनॉलसोबत सॉर्बिटॉल (साखरेसारखा एक गोड पदार्थ) देऊन बघतोय. टाकी कमी तापते, स्विचही बंद पडत नाही. सॉर्बिटॉलचा भाव तेवढा आड येतो.